क्षणभर जगणाऱ्या वायूचा जमाखर्च



आपल्या घरात, शेजारी, निदान नात्यात तरी एखादे आजोबा असे असतील की ज्यांच्या सदऱ्याच्या खिशात गोळ्यांची एक लहानशी पट्टी असते. छातीत कळ आली की ती गोळी गिळायची नाही, जिभेखाली धरायची. पाचएक मिनिटांत कळ ओसरते, आजोबा घाम पुसतात आणि "काही नाही रे, बस" म्हणून पुन्हा वर्तमानपत्र उघडतात. माझ्या वडिलांच्या खिशात ही पट्टी अकरा वर्षे होती. त्या अकरा वर्षांत ही गोळी करते तरी काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. मागणी-पुरवठा आणि जमाखर्च हा माझा प्रांत. आमच्या कॉलेजातील रसायनशाळेचा आणि माझा संबंध एवढाच, की ती माझ्या वर्गाच्या बरोबर खाली आहे आणि पावसाळ्यात तिचा वास वर येतो.

तरीही आज मी आपल्याशी एका वायूविषयी आणि त्याच्या मोजमापाविषयी बोलणार आहे. त्याला कारण आहे. या मोजमापाशी नाते असलेल्या एका अगदी साध्या तपासणीत माझ्या हातून चूक झाली आणि ती माझ्या बहिणीला भोवली. ती हकीगत पुढे येईलच. आधी वायूची ओळख करून घेऊ.

या वायूचे नाव नायट्रिक ऑक्साइड. नत्राचा एक अणू आणि प्राणवायूचा एक अणू, एवढाच त्याचा संसार. शस्त्रक्रियेच्या वेळी हुंगवतात तो हसवणारा वायू वेगळा. नावे जवळची असली तरी दोघांत गल्लत करू नये. आपला हा वायू आकाशात वीज कडाडली की तयार होतो, मुंबई-पुणे रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारींच्या धुरातही असतो, आणि आश्चर्य असे की आपल्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातही तो घडीघडीला तयार होत असतो. डाळी, शेंगदाणे, दूध यांतल्या प्रथिनांत आर्जिनिन नावाचे एक द्रव्य असते. त्यातून शरीर हा वायू बनवते. त्याचा हुकूम सुटला की रक्तवाहिनी सैल होते आणि रक्ताला वाट मोकळी मिळते. जिभेखालच्या गोळीतून शरीराला हाच वायू मिळतो. कळ थांबते ती त्यामुळे.

आपण म्हणाल, एवढी साधी गोष्ट, मग डॉक्टरांना ती पूर्वीपासूनच ठाऊक असेल. मुळीच नव्हती! या गोळीच्या घराण्यातले पहिले औषध म्हणजे नायट्रोग्लिसरीन. इटलीतील सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने ते 1847 साली तयार केले. ते भयंकर स्फोटक होते. आम्हा पनवेलकरांना सुरुंगाचा आवाज नवा नाही. आसपासच्या दगडखाणींत तो रोजचा, आणि नव्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट केली तीही सुरुंग लावूनच. आज सुरुंगाची दारू वेगळी असते. पण आल्फ्रेड नोबेल याने 1867 साली ज्या डायनामाइटचे पेटंट घेतले, त्याचा जीव म्हणजे हेच नायट्रोग्लिसरीन. 1879 साली लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी हेच द्रव्य अगदी थेंबाथेंबाने हृदयशूळाच्या रोग्यांना देऊन गुण येतो असे दाखवले. पुढे खुद्द नोबेल हृदयविकाराने आजारी पडला तेव्हा डॉक्टरांनी त्यालाही तेच औषध सुचवले, आणि दैवाच्या या थट्टेचा उल्लेख त्याने 1896 साली एका पत्रात केला. पण औषधाने गुण का येतो, हे जवळजवळ शंभर वर्षे कोणालाच कळले नव्हते. फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते कोडे सोडवले आणि त्यांना 1998 साली पारितोषिक मिळाले, तेही नोबेलच्याच नावाचे.

एवढा काळ लागला, कारण हा वायू हाती लागत नाही. शरीरात तो फार तर काही सेकंद जगतो. रक्तात शिरला तर तितकाही नाही. सुई टोचून रक्त काढावे, नळीत भरावे, तोवर तो संपलेला असतो. मग जो सापडतच नाही त्याला मोजायचे कसे?

रानात बिबट्या क्वचितच दिसतो. पण ओल्या मातीतल्या ठशांवरून जाणता माणूस तो कधी गेला आणि कुठे गेला ते सांगतो. या वायूचेही तसेच आहे. तो संपतो म्हणजे नाहीसा होत नाही, रूप बदलतो. प्राणवायूशी संयोग होऊन त्याचे आधी नायट्राइट होते. रक्तातल्या लाल द्रव्याशी गाठ पडली की त्याचे आणि नायट्राइटचेही नायट्रेट होते. हे नायट्रेट काही तास रक्तात फिरते आणि मग बरेचसे लघवीवाटे बाहेर पडते. नायट्राइट आणि नायट्रेट हे त्या वायूचे ठसे. मोजायचे ते हे.

ठसा ओळखण्याची युक्ती मात्र जुनी आहे. पीटर ग्रीस नावाचे एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडात बिअरच्या कारखान्यात नोकरीस होते. रंग तयार करणाऱ्या रासायनिक क्रियांचा त्यांना मोठा नाद. नायट्राइट असलेल्या पाण्यात आम्ल आणि विशिष्ट द्रव्ये घातली की रंग उमटतो, ही परीक्षा त्यांनी 1879 साली प्रसिद्ध केली. वर्ष ध्यानात घ्या. हृदयशूळावरचे औषध आणि त्या औषधातल्या वायूचा ठसा ओळखण्याची परीक्षा, दोन्ही एकाच वर्षी जगापुढे आली. आणि या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आज या परीक्षेत सल्फानिलामाइड नावाचे द्रव्य वापरतात. ते बनते अॅनिलीनपासून. अॅनिलीन म्हटले की आमच्या भागातील माणसाला रसायनी आठवते. पनवेलपासून जवळच, पाताळगंगेच्या काठी, हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना होता. ही कंपनी 1960 साली स्थापन झाली आणि येथे नायट्रोबेंझीन व अॅनिलीन तयार होत असे. 2017 साली सरकारने तो बंद करण्याचे ठरवले. अग्निबाणात लागणारे एक नत्रयुक्त द्रव्य बनवणारा विभाग तेवढा अवकाश संशोधन संस्थेकडे, म्हणजे इस्रोकडे, सोपवायचे ठरले. ज्या नत्राने दगड फुटतो आणि अग्निबाण उडतो, तेच नत्र आजोबांच्या जिभेखाली असते. फरक प्रमाणाचा आहे. म्हणून तर मोजमापाला महत्त्व.

आमच्या कॉलेजातील रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापक मित्रांनी ही परीक्षा मला करून दाखवली. एका नळीत शुद्ध पाणी, दुसरीत माझी थुंकी. दोन्हींत द्रावणे घातली. पाणी तसेच राहिले. थुंकी दोनचार मिनिटांत गुलाबी झाली! मी जरा घाबरलोच. ते म्हणाले, "सर, घाबरू नका. आज डब्यात काय होतं?" मी म्हटले, "पालकाची भाजी." ते हसून म्हणाले, "मग बरोबर आहे."

इथून खरी गंमत सुरू होते, आणि अडचणही. पालक, मेथी, माठ, मुळा, बीट यांत नायट्रेट मुळातच भरपूर असते. झाड ते जमिनीतून घेते. आपण भाजी खाल्ली की ते रक्तात जाते, त्यातला काही भाग थुंकीत येतो आणि जिभेच्या मागच्या भागावर राहणारे सूक्ष्मजंतू त्याचे नायट्राइट करतात. शरीर दिवसभरात स्वतः जितके नायट्रेट बनवते, त्याहून अधिक एका वाटीभर पालेभाजीतून पोटात जाऊ शकते. म्हणजे रक्तातले किंवा लघवीतले नायट्रेट मोजले तर त्यात घरचे किती आणि बाहेरचे किती?

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. दुकानाच्या गल्ल्यात संध्याकाळी दोन हजार रुपये आहेत, एवढ्यावरून आजची विक्री कळत नाही. सकाळी गल्ल्यात किती टाकले होते, ते आधी विचारावे लागते. शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. 1916 साली अमेरिकेत मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाने खाल्लेले नायट्रेट आणि लघवीतून गेलेले नायट्रेट असा हिशेब मांडला. खर्च जमेपेक्षा जास्त निघाला! म्हणजे शरीर आतल्या आत काही निर्माण करत होते. त्या वहीकडे पुढे फारसे कोणी पाहिले नाही. 1981 साली टॅनेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत असाच हिशेब चालू असता प्रयोगात भाग घेणाऱ्या एकाला ताप आणि जुलाब झाले, आणि त्याच्या लघवीतले नायट्रेट एकदम कितीतरी वाढले. एखाद्याने हा दिवस वाया गेला म्हणून ते आकडे खोडले असते. त्यांनी ते जपून ठेवले. पुढे काही वर्षांतच उलगडा झाला, की रोगजंतूंशी लढताना आपल्या पांढऱ्या पेशी हाच वायू शस्त्र म्हणून वापरतात. वहीतला तो वाढीव खर्च लढाईचा होता.

म्हणून आज असे संशोधन करताना रोग्याला आदल्या दिवशी पालेभाज्या टाळायला सांगतात, रात्रभर उपाशी ठेवतात आणि मगच रक्त घेतात. नायट्रेट हे मुके असते. ग्रीस यांच्या परीक्षेत त्याला रंग फुटत नाही. म्हणून आधी नमुन्याचा एक भाग तसाच तपासून नायट्राइट मोजतात. दुसऱ्या भागातल्या नायट्रेटचे कॅडमियम धातू, व्हॅनेडियमचा क्षार किंवा जंतूंपासून वा बुरशीपासून मिळवलेले एक विकर वापरून नायट्राइट करतात, आणि पुन्हा रंग मोजतात. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की नायट्रेट मिळाले. रंग किती गडद आहे हे डोळ्यांनी ठरवत नाहीत. हिरवा प्रकाश त्यातून सोडतात आणि किती अडला ते यंत्र सांगते.

प्रमाण किती सूक्ष्म, याची कल्पना देतो. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तरसात साधारण सव्वा ते तीन मिलिग्रॅम नायट्रेट असते. नायट्राइट तर मिलिग्रॅमच्या विसाव्या भागाहूनही कमी. इतके कमी, की साध्या रंगपरीक्षेला ते नीट दिसतही नाही. शिवाय काचेची नळी, गाळणकागद, हातमोजे, साधे पाणी, सगळ्यांत नायट्राइटचा अंश असू शकतो. वाण्याच्या तराजूला पासंग असतो ना, तसा हा पासंग. तो काढण्यासाठी नमुन्याऐवजी नुसते शुद्ध पाणी घेऊन सगळी कृती पहिल्यापासून करतात, आणि जो आकडा येईल तो वजा टाकतात. रक्त काढल्यावर वेळही घालवून चालत नाही. ते नुसते ठेवले तर काही मिनिटांत त्यातले नायट्राइट नायट्रेटमध्ये जाते. अधिक बारीक मोजायचे असेल तर ठशांतून पुन्हा वायूच तयार करतात आणि त्याची ओझोनशी गाठ घालून देतात. त्या वेळी मंद प्रकाश पडतो, तो मोजतात. मोटारीच्या धुरातला हा वायूही याच युक्तीने मोजला जातो.

एका ठिकाणी मात्र हा वायू प्रत्यक्ष सापडतो, आणि ते म्हणजे आपला उच्छ्वास. 1991 साली प्रथम तो उच्छ्वासात आढळला. काही प्रकारच्या दम्यात श्वासनलिकेला सूज येते आणि तो वाढतो. एका यंत्रात संथपणे फुंकायचे, की आकडा येतो. मोठ्या माणसात हवेच्या शंभर कोटी कणांमागे पंचवीसहून कमी असला तर अशा सुजेची शक्यता थोडी, पन्नासहून जास्त असला तर पुष्कळ. इथेही आधी जेवण काय केले, विडी ओढली का, हे विचारतातच.

आता माझ्या चुकीची गोष्ट.

काही वर्षांपूर्वीची हकीगत. माझी धाकटी बहीण कर्नाळ्याच्या बाजूला एका गावात दिलेली. तिला पाचवा महिना होता. आशाताईंनी तिला बजावले होते, की तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी बाटलीत धरून आण. मी तिला दवाखान्यात न्यायला दुपारी गेलो. दिवस वैशाखाचे. ती म्हणाली, "दादा, सकाळची धरायची राहिली रे. आत्ताची चालेल ना?" मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, "न चालायला काय झालं? लघवी ती लघवी!" उन्हामुळे ती सकाळपासून ताक आणि पाणी पीत होती आणि तासातासाला जाऊन येत होती. दवाखान्यात बाटली मागितली, आम्ही दिली. कोणत्या वेळची ते सांगितले नाही. तपासणीची पट्टी बुडवली, नायट्राइटचा चौकोन पांढराच राहिला. सर्व ठीक म्हणून आम्ही घरी आलो.

चौथ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला. कंबरेत, पाठीत कळा. लघवीतले जंतू वर मूत्रपिंडापर्यंत पोचले होते. सहा दिवस ती दवाखान्यात सलाइनवर होती. गरोदरपणी असा विकार झाला तर मूल दिवस भरण्यापूर्वी जन्माला येण्याचे भय असते. त्या सहा रात्री आमच्या आईने कशा काढल्या ते मी पाहिले आहे. देवदयेने पुढे सर्व नीट झाले. भाचा आता शाळेत जातो. पण पट्टी पांढरी का राहिली, हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. खालच्या मजल्यावरच्या त्या मित्रांकडे मी जाऊ लागलो तो तेव्हापासून. थुंकीचा तो गुलाबी रंग मला दाखवला गेला, तो त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून.

उत्तर असे. लघवीत नायट्रेट सगळ्यांच्याच असते. काही त्या वायूचा ठसा, काही भाजीपाला. नायट्राइट मात्र सहसा नसते. मूत्राशयात विशिष्ट जंतू शिरले तर ते नायट्रेटचे नायट्राइट करतात, आणि पट्टीवर ग्रीस यांचाच गुलाबी रंग उमटतो. पण जंतूंना या कामाला वेळ लागतो. लघवी चारएक तास मूत्राशयात राहिली पाहिजे. म्हणून सकाळची पहिली मागतात. माझ्या बहिणीच्या बाटलीतली लघवी तासाभराची होती, ताक-पाण्याने पातळ झालेली. जंतू होते, त्यांच्या कामाची खूण नव्हती. पट्टीने जे होते ते प्रामाणिकपणे सांगितले. खोटी साक्ष दिली ती मी, वेळ न सांगून.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. सकाळी भरलेली बाटली एस.टी.तून, उन्हातून दुपारी पोचवली तर वाटेत बाहेरचे जंतू तिच्यात वाढतात आणि निरोगी माणसाची पट्टीही गुलाबी होऊ शकते. तेव्हा बाटली स्वच्छ असावी, लवकर पोचवावी, उशीर होणार असेल तर गार जागी ठेवावी. आणि पट्टी पांढरी आली म्हणजे जंतू नाहीतच असेही नव्हे. काही जातींचे जंतू नायट्राइट करतच नाहीत. जळजळ, ताप, कळ असेल तर पट्टी काहीही म्हणो, डॉक्टरांना सांगावे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. हाच रंग आपल्या विहिरीच्या पाण्याशीही बोलतो. खताचा, उकिरड्याचा, शोषखड्ड्याचा निचरा विहिरीत उतरला की पाण्यात नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 45 मिलिग्रॅमहून अधिक असू नये असे आपल्या देशाचे मानक आहे. अशा पाण्यात वरचे दूध कालवून सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाजले तर त्याचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, बाळ निळे पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॉक्टर कॉमली यांनी 1945 साली विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध दाखवून दिला. हे पाणी उकळून उपयोग नाही; उकळल्याने पाणी आटते, नायट्रेट तेवढेच राहते. जलजीवन मिशन 2019 साली सुरू झाले, त्यात गावोगावच्या महिलांना पाणी तपासणीच्या पेट्या देऊन शिकवण्यात आले आहे आणि त्यांत नायट्रेटची तपासणीही असते. आपल्या गावची पेटी कोणाकडे आहे, याची चौकशी करा. एक दिवस त्या ताईंना वर्गात बोलवा. मुलांसमोर विहिरीचे पाणी तपासा. पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा.

मात्र मुलांना रंग दाखवण्यापूर्वी एक गोष्ट करायला लावा. बाटलीवर कागद चिकटवून त्यावर लिहायचे: पाणी कोठले, कोणत्या तारखेचे, किती वाजता भरले. आकडा त्यानंतर. हा वायू काही सेकंद जगतो आणि मागे ठसे ठेवून जातो. पण ते ठसे केव्हाचे आणि कोणाचे, हे बाटली आपण होऊन सांगत नाही. ते आपणच लिहायचे असते. माझ्या बहिणीच्या घरी स्वयंपाकघराच्या फळीवर हल्ली एक पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवलेली आहे. आशाताई आल्या की ती स्वतः बाटलीवर वेळ घालते आणि माझ्याकडे बघून म्हणते, "दादा, लघवी ती लघवी नसते बरं का!"